प्लॅनेटेस: कचरा वेचणाऱ्यांची सिरीज तिसऱ्यांदा बघितली, आता लिहायलाच पाहिजे

चांगली साय-फाय ॲनिमे (जपानी ॲनिमेशन सिरीज) सुचव म्हटलं की मी दर वेळी प्लॅनेटेसच सांगते आणि समोरचा दर वेळी विचारतो, रोबो आहेत का, एलियन आहेत का. नाहीत हो, एकपण नाही. यात कचरा गोळा करणारी माणसं आहेत. साल २०७५, पृथ्वीभोवती फिरणारं एक स्टेशन, त्या स्टेशनवर टेक्नोरा नावाची मोठी कंपनी आणि त्या कंपनीचं कोणाच्या खिजगणतीत नसलेलं एक डिपार्टमेंट, ज्याचं काम एवढंच की जुने सॅटेलाइट, रॉकेटचे तुकडे, सुटलेले स्क्रू वगैरे जे काही भंगार कक्षेत फिरतंय ते पकडायचं आणि वाटेतून दूर करायचं. बास. एवढ्यावर २६ एपिसोड. मी ते या वेळी आठवड्याभरात संपवले, रोज रात्री तीन-चार, आणि सकाळी डोळे लाल.

थोडी माहिती आधी देते. माकोतो युकिमुरा यांची याच नावाची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, आहे, तिच्यावरून सनराइझ स्टुडिओने २००३-०४ मध्ये ही सिरीज केली, जपानच्या एनएचकेवर लागायची. दिग्दर्शक गोरो तानिगुची, लेखन इचिरो ओकोउची. जपानमध्ये साय-फायसाठी सेइउन हा मानाचा पुरस्कार आहे, तो मांगालापण मिळाला आणि सिरीजलापण. नाव ग्रीक आहे, अर्थ भटके, म्हणजे आकाशात भटकतात म्हणून ग्रह. आता यातली माणसं बघितली की कळतं नाव किती विचार करून ठेवलंय, एकाचंही घर धड एका जागी नाही.

सुरुवातच काय आहे बघा. एक प्रवासी यान, लोक खिडकीतून पृथ्वी बघतायत, गप्पा मारतायत, आणि बाहेरून एक स्क्रू येतो. साधा स्क्रू. खिडकीवर आदळतो आणि पुढचं काही सांगत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, एका स्क्रूने एवढं कसं होईल, उगाच वाढवून दाखवतायत. मग हिशोब करून बघितला. रायफलची गोळी सेकंदाला फार तर एक किलोमीटर जाते, आणि खालच्या कक्षेतली कुठलीही वस्तू सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर फिरत असते. वेग आठपट झाला की त्याच वजनाच्या वस्तूची ऊर्जा चौसष्ट पट होते, आणि दोन गोष्टी समोरासमोरून आल्या तर वेगांची बेरीज, मग विचारूच नका. आणि हे कल्पनेतलं पण नाही, १९८३ मध्ये चॅलेंजर शटलच्या खिडकीवर रंगाचा एक कण आदळला होता, नुसता सुकलेला रंग, काचेत खड्डा पडला आणि परत आल्यावर ती काच बदलावी लागली. रंगाचा कण एवढं करतो तर स्क्रू काय करेल. तेव्हापासून तो पहिला सीन लागला की मी श्वास धरून बसते, काय होणार हे पाठ असून.

या सिरीजवर माझा एवढा जीव का आहे ते या एका सीनमध्ये आहे खरंतर. इथे भौतिकशास्त्र सजावटीला नाहीये, रडू पण त्यातूनच येतं आणि हसू पण. बाहेरच्या सीनमध्ये धडामधूडुम नाही, हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास आणि रेडिओवर सहकाऱ्याचा आवाज एवढंच, आणि त्यामुळे तो माणूस तिथे किती एकटा आहे हे कोणी बोलून दाखवायची गरजच पडत नाही. एखादी वस्तू ढकलली की ती जातच राहते, थांबवायला काही नसतं. भंगार पकडायचं म्हणजे आधी त्याच्या वेगाला आपला वेग जुळवायचा, जवळ जायचं, ते गरागरा फिरत असेल तर ते आधी आवरायचं, आणि हे सगळं होताना टाकीतला ऑक्सिजन संपत असतो. हे काम बघताना मला लढाई बघितल्यापेक्षा जास्त धडधडतं.

आता ते डिपार्टमेंट. सगळे त्याला हाफ सेक्शन म्हणतात कारण पाहिजेत त्याच्या अर्धीच माणसं दिलेली आहेत, कचरा उचलून कंपनीला नफा होत नाही ना. जहाज पण जुनंपुराणं, नाव टॉय बॉक्स. पहिल्या दिवशी तानाबे नावाची नवीन मुलगी डोळ्यांत स्वप्नं घेऊन येते आणि तिच्यासमोर तिचा सिनियर हाचिमाकी डायपरमध्ये उभा असतो, कारण स्पेससूट घालून तासन्‌तास बाहेर काम करायचं तर डायपर लागतोच, खऱ्या अंतराळवीरांनाही लागतो. असलं काहीतरी दाखवायची हिंमत किती सिरीज करतात? मग फॉर्म भरणं आलं, इन्शुरन्स आला, मृत्युपत्र लिहून ठेवणं आलं (तो एपिसोड हलका म्हणून सुरू होतो आणि शेवटी घशाशी येतो), टेम्पररी म्हणून लागलेली एडेलगार्ड आली जी गप्प बसून एकटीच सगळ्यांचं काम उरकते. ज्यांनी ऑफिसात नोकरी केलीये त्यांना यातला प्रत्येक चेहरा ओळखीचा वाटेल. वरच्या मजल्यावरचे निर्णय घेणार, खालचे ते निस्तरणार. फक्त इथे निस्तरताना जीव जाऊ शकतो.

फी कारमायकल माझी सगळ्यात आवडती. जहाजाची कॅप्टन, नवरा आणि मुलगा पृथ्वीवर, तोंडात सतत सिगरेट. आता स्टेशनवर हवाच मोजून-मापून, तिथे सिगरेट ओढायला वेगळ्या खोल्या, आणि एका एपिसोडमध्ये ती बिचारी दिवसभर नुसती एक सिगरेट ओढायला धडपडतेय आणि दर वेळी काहीतरी आडवं येतंय. आपण हसत असतो. आणि हसता हसता कळतं की मागे फार मोठं कारस्थान चाललंय, कक्षेत एक टक्कर घडवून आणायची आणि तिच्या तुकड्यांनी पुढच्या टकरा, म्हणजे वर कोणाला जाताच येणार नाही. याला केसलर सिंड्रोम म्हणतात, नासाच्या डोनाल्ड केसलर यांनी सहकाऱ्याबरोबर १९७८ मध्ये पेपर लिहून हा धोका मांडला होता. तुकड्यांतून तुकडे, त्यातून आणखी तुकडे, जोपर्यंत ती कक्षा वापरायच्या लायकीची राहत नाही. पुढे फी जे करते ते मी सांगणार नाही, एवढंच सांगते की तिच्या डोक्यात त्या क्षणीही सिगरेट असते आणि तरीही ते हिरोइन असल्यासारखं वाटतं, किंबहुना म्हणूनच वाटतं.

आणि हे २००४ च्या आत दाखवून झालं होतं बरं का. १० फेब्रुवारी २००९ ला खरोखर दोन सॅटेलाइट आदळले, रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ आणि चालू असलेला इरिडियम ३३, साधारण ७९० किलोमीटर उंचीवर, आणि दोन हजारांच्या वर मोजता येण्याइतके तुकडे झाले. सिरीज परत बघताना हे डोक्यात असलं की ऑफिसमधल्या साध्या साध्या संवादांचं वजन बदलतं.

चंद्रावरचा एपिसोड पण आहे. हाचिमाकी पाय मोडून तिथल्या हॉस्पिटलमध्ये पडलेला आणि त्याला नोनो भेटते, उंचीने मोठी बाई वाटावी अशी, आणि वय बारा. चंद्रावर जन्मलेली, कमी गुरुत्वात वाढलेली, पृथ्वीचं ओझं तिच्या शरीराला झेपणार नाही म्हणून ती पृथ्वीवर कधी गेलेलीच नाही. तिला बघून आधी कीव येते, आपल्याला वाटतं ही अडकलीये, आणि मग ती चंद्राच्या त्या राखाडी मैदानाकडे ज्या मायेने बघते, तिथलं जे ती दाखवते, त्याने माझी कीव कुठल्या कुठे गेली. तिच्यासाठी तेच घर आहे. आपण ज्याला उजाड म्हणतो त्यात कोणीतरी लहानाचं मोठं होतंय, हा विचार मला त्याआधी कधी सुचलाच नव्हता.

तक्रारी आहेत का? आहेत. पहिले पाच-सहा एपिसोड रेंगाळतात, मॅनेजर फिलिप आणि त्याचा असिस्टंट लावी यांचा विनोद फार मोठ्या आवाजातला आहे, चंद्रावरच्या निंजांचा एपिसोड तर मी या वेळी पळवत पळवत बघितला. खूप लोक इथेच सोडून देतात आणि मला अगदी वाईट वाटतं, कारण दहाव्या एपिसोडपासून, म्हणजे याच डिपार्टमेंटमधल्या युरीची गोष्ट कळते तिथून, सिरीजला वेगळीच धार येते. आणि मजा म्हणजे त्या सुरुवातीच्या टवाळक्या फुकट जात नाहीत, ही माणसं इतकी घरची झालेली असतात म्हणून नंतरचे धक्के बसतात.

तानाबेबद्दल माझं मत पूर्ण बदललं, ते पण लिहायलाच पाहिजे. पहिल्या वेळी ती मला सहन व्हायची नाही. जिथे तिथे प्रेम, प्रेम म्हणून ओरडते, अनुभवी माणसांना शिकवायला जाते. दुसऱ्या वेळी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. या वेळी लक्षात आलं की "हे असं का?" असं विचारणारी त्या खोलीत ती एकटीच आहे, बाकी सगळ्यांनी विचारणं कधीच सोडून दिलंय, आणि हाचिमाकीला तिचा राग येतो तो ती चुकीची आहे म्हणून नाही. शेवटच्या भागात चंद्राच्या पृष्ठभागावर तिची जी परीक्षा होते, ऑक्सिजन संपत आलेला असताना, तिथे तिचं आधीचं सगळं बोलणं पणाला लागतं. तो भाग बघताना मला तिची आधीची प्रत्येक आरडाओरड आठवली आणि मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

दुसऱ्या अर्ध्यात गुरूकडे जाणारं फोन ब्राउन नावाचं जहाज येतं, सात वर्षांचा प्रवास, आणि हाचिमाकीला त्यात जागा पाहिजेच पाहिजे. इथे तो फार कोरडा, स्वार्थी होतो, काही एपिसोड त्याच्याकडे बघवत नाही. काहींना हा बदल एकदम झाल्यासारखा वाटतो. मला नाही वाटत, कारण त्याआधी तो एकटा अंतराळात अडकून पडतो आणि त्या काळोखाची, त्या निःशब्दाची भीती त्याच्या आत कायमची शिरते, ते त्यांनी घाई न करता दाखवलंय. भीतीला हरवायचं तर सगळी माणसं तोडायची, असं त्याने ठरवलेलं असतं. माझ्या ओळखीतही असं ठरवलेली माणसं आहेत.

अतिरेक्यांचा, म्हणजे ते टकरीचं कारस्थान रचणाऱ्यांचा, धागा मात्र शेवटी जरा पसरतो, बंदुका, पळापळ, हे थोडं कमी चाललं असतं. पण त्यांचा प्रश्न खोटा नाहीये. अंतराळातून येणारी संपत्ती मूठभर श्रीमंत देशांकडे आणि खाली बाकीचे उपाशी, मग वर कोणासाठी जायचं? सिरीज याचं सोपं उत्तर देत नाही. एल तानिका नावाच्या काल्पनिक गरीब देशातून एक माणूस स्वतः बनवलेला स्पेससूट पास करून घ्यायला येतो, तो अकरावा एपिसोड बघा. वरून पृथ्वी बघितली की देशांच्या सीमा दिसत नाहीत हे वाक्य आपण शंभरदा ऐकलेलं असतं, भाषणात, पोस्टरवर. त्या एपिसोडमध्ये ते वाक्य ज्याच्या वाट्याला येतं आणि ज्या वेळी येतं ना, त्यानंतर ते परत पहिल्यासारखं ऐकूच येत नाही. त्याच देशातून आलेली क्लेअर कंट्रोल रूममध्ये काम करते, तिच्याकडे माझं लक्ष पहिल्या दोन वेळा गेलंच नव्हतं. ती इतरांच्या दुप्पट काम करत असते, आणि का करते ते कळलं की तिचा तुसडेपणा लागत नाही, लागतो तो तिच्या आजूबाजूच्यांचा निवांतपणा.

सुरुवातीचं गाणं स्किप करू नका. त्यात माणसाच्या अंतराळात जायच्या धडपडीचा इतिहास चित्रांतून दाखवलाय, आधीची स्वप्नं, मग रॉकेटं, मग पुढचं सगळं, आणि या सगळ्याच्या मागून ही कचरा वेचणारी मंडळी येतात. २६ वेळा बघितलं, २६ वेळा आवडलं. मांगा नंतर वाचा, चारच भाग आहेत, आणि ती बरीच वेगळी आहे, तानाबे तिथे उशिरा येते, ऑफिसचा हा सगळा पसारा मुख्यतः सिरीजवाल्यांनी वाढवलाय. मांगा जास्त खोल आहे असं म्हणणारे आहेत, असेलही, पण मला फॉर्म भरणारी, एकमेकांच्या खुर्च्या अडवणारी माणसंच हवी असतात.

तिसऱ्यांदा का लावली तेवढं सांगून थांबते. २००९ मध्ये सोडलेल्या एका जपानी रॉकेटचा वरचा टप्पा अजून कक्षेत फिरतोय, साधारण अकरा मीटर लांब, तीन टन वजन. २०२४ मध्ये ॲस्ट्रोस्केल या जपानी कंपनीने एक छोटा सॅटेलाइट नुसता त्याची पाहणी करायला पाठवला आणि तो त्याच्यापासून पंधरा मीटरवर जाऊन पोचला. पुढे कधीतरी तो टप्पा धरून खाली आणायचा म्हणून आधी तो फिरतोय कसा, कुठे मोडलाय, हे बघून यायचं. त्याचे फोटो आहेत, एक निकामी नळकांडं आणि मागे पृथ्वी. मी ते फोटो झूम करून करून बघत बसले. पंधरा मीटर म्हणजे हाचिमाकी दोरी लावून सहज गेला असता. मग लॅपटॉप घेतला आणि पहिला एपिसोड लावला.