अलास्का की नॉर्वे? बडोद्याहून निघण्याआधी

मे महिन्यात दांडिया बाजारात चटके बसायला लागले की आमच्या घरी थंड समुद्राच्या गप्पा निघतात. अलास्का आणि नॉर्वे, दोन्हीकडे जहाजाच्या सफरीवर आईला घेऊन गेले आहे, म्हणून सांगते: एकदाच जमणार असेल तर अलास्का.

कारण ग्लेशियर बे, म्हणजे तिथली हिमनद्यांची खाडी. तिथे जहाज बंदराला लागतच नाही, पण राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात. मार्जरी हिमनदीचा निळसर कडा आधी सुटताना दिसला, गडगडाट मागून आला. आई कठडा घट्ट धरून कितीतरी वेळ गप्प उभी होती. जहाज तिथे सावकाश वळतं, सगळ्यांना सगळं दिसतं. तेवढ्यासाठी बाल्कनीच्या खोलीचे जास्तीचे पैसे मोजू नका. अलास्कातल्या केचिकन बंदराला मात्र पावसाची तयारी हवीच. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा.

नॉर्वे गुडघेदुखीवाल्यांना सोयीचं. बर्गनमध्ये ब्रिगेनची जुनी लाकडी घरं धक्क्यालगतच आहेत आणि फ्लोयेन डोंगरावर रुळांवरची गाडी नेते. गायरांगर फ्योर्डमध्ये (उंच कड्यांमधली अरुंद खाडी) 'सात बहिणी' धबधबा डेकवरूनच बघा. मध्यरात्रीचा सूर्य हवा असेल तर जून-जुलैत उत्तर केपपर्यंत जाणारी सफर निवडा, आणि झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्या.

व्हिसाचं आधी बघा. नॉर्वेला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा), अलास्काला अमेरिकेचा. जहाज व्हँकुव्हरहून सुटत असेल तर कॅनडाचाही. शाकाहारी जेवणाचं बुकिंग करतानाच कळवा.