चूक प्रत्येक वेळी माझीच कशी निघत होती

माझा छपाईचा व्यवसाय सहा वर्षं चालला आणि मग बंद पडला. फसवणूक झाली ती त्यानंतर. अपयशातून कसं शिकायचं हे शिकवतो म्हणणाऱ्या माणसानेच मला लुबाडलं. हे लिहायला मला दोन वर्षं लागली, कारण 'एवढी शिकलेली बाई अशी कशी फसली?' हा प्रश्न मला लोकांच्या तोंडून ऐकायचा नव्हता. आता तो ऐकायची तयारी आहे.

धंदा बुडाल्यावर माणसाला पैशापेक्षा जास्त कशाची गरज वाटत असेल, तर 'हे का झालं?' या प्रश्नाच्या उत्तराची. मी रात्ररात्र तेच शोधत होते. अशाच एका रात्री मोबाइलवर एका मोफत वेबिनारची जाहिरात दिसली. पडझडीतून उभं राहायला शिकवणारे एक कोच. त्यांनी सुरुवातीलाच स्वतःचं दिवाळं कसं निघालं ते सांगितलं, बोलताना त्यांचा आवाज दाटून आला आणि मी इकडे रडत होते. दोन तासांच्या शेवटी फी जाहीर झाली. सवलत मध्यरात्रीपर्यंतच होती. मी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पैसे भरले. घरात कोणालाही विचारलं नाही, कारण 'तुमच्या जवळची माणसंच तुम्हाला मागे ओढतील' हे ते आधीच सांगून चुकले होते. आज मला हे त्यांचं सगळ्यात घातक वाक्य वाटतं. ज्यांनी मला थांबवलं असतं, त्यांचं तोंड त्या एका वाक्याने आधीच बंद केलं होतं.

नव्वद दिवसांचा कार्यक्रम होता. रोज पहाटे उठून लिहायचं, ध्वनिफीत ऐकायची, पुरावा म्हणून ग्रुपवर फोटो टाकायचा. फरक पडला नाही तर पूर्ण फी परत, असं लेखी दिलं होतं. मला त्याचाच मोठा आधार वाटला. अट एकच होती: सगळी कामं शंभर टक्के झालेली हवीत. सतराव्या दिवशी मुलीला सणकून ताप आला, मी रात्रभर जागी होते आणि पहाटेचा फोटो राहिला. नव्वद दिवस संपल्यावर मी परताव्याची गोष्ट काढली, तेव्हा त्यांच्या सहायिकेने तोच दिवस दाखवला. वर म्हणाली, "ताई, शब्द तुम्ही आम्हाला दिला नव्हता, स्वतःला दिला होता. तो तुम्ही मोडलात." मला खरोखर लाज वाटली. फोन ठेवताना मीच तिची माफी मागितली.

अशा कार्यक्रमाचं सगळं यंत्र याच एका पट्ट्यावर फिरतं. सुधारणा झाली की पद्धत खरी. नाही झाली की तुम्ही कमी पडलात. पद्धत चुकीची ठरेल अशी वाटच ठेवलेली नसते. मी विचारलं होतं, "सर, माझे ग्राहक परत कसे आणायचे?" उत्तर आलं की माझा 'माइंडसेट' अजून बंदिस्त आहे. मी हिशेबाच्या वह्या दाखवू का म्हटलं, तर भूतकाळ उकरणं ही पराभूत माणसाची सवय आहे, असं ऐकायला मिळालं.

या माइंडसेटबद्दल नंतर मी मुळातून वाचलं. आपली क्षमता जन्मतः ठरलेली नसते, ती वाढवता येते असं मानणं, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी ती लोकांपर्यंत नेली. तिचा चुकीचा वापर होतोय असं त्यांनी स्वतःच 2015 मध्ये लिहिलं. नुसती मेहनत करत राहा, हा तिचा अर्थ नाही. अडलं तर नवी रीत शोधायची, इतरांची मदत घ्यायची, असं त्यांचं म्हणणं आहे. आमच्या ग्रुपमध्ये रीत बदलणं म्हणजे पळपुटेपणा आणि बाहेरची मदत म्हणजे अविश्वास. शब्द तेच होते, अर्थ पार उलटा करून ठेवला होता.

मग दुसरी लेव्हल आली, तिप्पट फीची. ती मी का भरली? पहिली वाया जाऊ नये म्हणून. आता थांबले तर आधीचे पैसे बुडाले हे कबूल करावं लागणार होतं. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांचा 1985 सालचा एक प्रयोग यावरच आहे. नाटकांच्या हंगामी तिकिटांवर काही जणांना, कोणताही निकष न लावता, सवलत दिली गेली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजणारे प्रेक्षक जास्त नाटकांना आले. नाटकं सगळ्यांना तीच होती. जास्त गेलेला पैसा त्यांना ओढून आणत होता. मलाही तोच ओढत होता आणि मी त्याला जिद्द म्हणत होते. 'हार मानू नका' हे वाक्य जो रोज ऐकवतो, त्याला तुमच्या या कोंडीचा थेट फायदा असतो, एवढं नक्की लक्षात ठेवा.

दुसऱ्या लेव्हलच्या निवासी शिबिरात शेवटच्या संध्याकाळी आम्हाला एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसवलं. तीन दिवस नाचणं, रडणं, मिठ्या. मन भरून आलं होतं. मी म्हणाले, "माझं आयुष्य बदललं." तेव्हा माझ्याकडे एकही नवा ग्राहक नव्हता. मी खोटं बोलत नव्हते, त्या क्षणी मला तसंच वाटत होतं. म्हणूनच अशा जाहिरातींतल्या रडणाऱ्या, हसणाऱ्या चेहऱ्यांवर विश्वास ठेवू नका, असं मी कळवळून सांगते. ते चेहरे खरे असतात, पण त्या संध्याकाळपुरतेच. सहा महिन्यांनी त्या माणसाचं काय झालं, हे कोणी चित्रित करत नाही.

डोळे उघडले ते जुन्या वह्यांमुळे. कर भरण्यासाठी त्या काढाव्याच लागल्या. दोन दुपारी बसून मी सगळी बिलं लावली आणि ज्या उत्तरासाठी मी एवढे पैसे ओतले होते ते समोर आलं. निम्म्याहून जास्त काम एकाच ग्राहकाकडून येत होतं. त्याच्या उधारीला मी कधी मुदतच घातली नव्हती. त्याने काम थांबवलं तेव्हा माझे पाच महिन्यांचे पैसे त्याच्याकडे अडकले होते आणि कागदवाल्याला मात्र मी रोख देत होते. माझं मन, श्रद्धा, पहाटेचं उठणं, यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ते बघून मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी विलक्षण मोकळंही वाटलं. ही चूक दुरुस्त करता येण्यासारखी होती.

पैसे परत मिळाले नाहीत. बँकेला कळवलं, पोलिसांत लेखी तक्रार दिली. करारावर माझी सही होती. पुढे दोनच महिन्यांत एका अनोळखी माणसाचा फोन आला: बुडालेली फी परत मिळवून देतो, आधी थोडं शुल्क भरा. मी नेमकी किती रक्कम घालवली ते त्याला ठाऊक होतं. फसलेल्यांची माहिती पुढे विकली जाते, हे मला तेव्हा कळलं. मी फोन ठेवला, पण हात थरथरत होते, कारण क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देईना. माझा तो व्हिडिओ अजून फिरत होता. तो काढून टाकायला सांगणारी चार पत्रं पाठवली, तेव्हा कुठे तो उतरला. तोवर माझ्या ओळखीची एक मैत्रीण तो बघून पहिल्या लेव्हलला दाखल झाली होती. तिला काय तोंड दाखवू, या विचारात मी कित्येक आठवडे काढले.

याच काळात लॉरेन एस्क्रेस-विंकलर आणि आयेलेत फिशबाख यांच्या 2019 सालच्या प्रयोगांबद्दल वाचलं. माणसं स्वतःच्या अपयशातून यशापेक्षा कमी शिकतात असं त्यांना आढळलं, कारण ते मनाला लागतं आणि आपण त्याच्याकडे बघायचंच टाळतो. दुसऱ्याच्या अपयशाकडे मात्र माणूस नीट बघू शकतो आणि त्यातून शिकतोही. ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे गेले.

तिचा एकेचाळिसावा दिवस चालू होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ गप्प बसली. चिडली असणारच. मग उठून तिने पहाटेच्या लेखनाची वही आणली, मागचं कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "आता सावकाश सांग. तो पहिला वेबिनार कधी बघितलास, तिथपासून."