महिनाभर एकच स्ट्रोक की रोज चारही? लेकीच्या स्विमिंगचा आमचा अनुभव

उन्हाळी बॅच संपत आली की पूलच्या कठड्यावर बसलेल्या पालकांमध्ये हाच विषय निघतो, पोरगं फ्रीस्टाईल बऱ्यापैकी मारतंय, आता बाकीचे स्ट्रोक, म्हणजे बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय, सुधारायचे कसे. आमच्या जळगावकडे दोन्ही पद्धतीने शिकवणारे सर भेटतात. काही जण महिनाभर एकच स्ट्रोक घेतात, तो बसला की पुढचा, आणि काही रोज चारही थोडे थोडे करून घेतात. मी कोच नाही, पण माझी लेक आता अकरा वर्षांची आहे आणि तीन सीझन झाले आम्ही दोन्ही करून बघितलं, म्हणून लिहितोय.

पहिली पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तीस पोरं आणि एकच सर असतील तर दुसरं काय करणार, आणि पोराला पाण्याची भीती असेल तर एकाच गोष्टीत हात बसला की हिंमत येते हे खरंच आहे. आमचंही पहिलं वर्ष असंच गेलं आणि तिचं फ्रीस्टाईल त्याच वर्षात सुटलं, श्वास घेताना डोकं वर उचलायची ती सवय मोडली, कोपर पाण्याबाहेर उंच यायला लागलं. त्याचं श्रेय त्या महिन्यालाच.

घोळ झाला तो ब्रेस्टस्ट्रोकच्या महिन्यात. तीस दिवस रोज बेडकासारखी किक, पंजे बाहेर वळवून टाचा वर ओढायच्या आणि पायाच्या आतल्या बाजूने पाणी मागे ढकलायचं, ती तिने इतकी मनापासून केली की पुढच्या महिन्यात बटरफ्लाय सुरू झालं तेव्हा हात बटरफ्लायचे आणि पाय ब्रेस्टस्ट्रोकचे. बटरफ्लायला दोन्ही पाय एकत्र वरखाली हवेत, घोटे सैल आणि लाट छातीकमरेतून निघायला हवी. ताजी असताना पहिले दहा-पंधरा मीटर बरोबर जायचं, दमली की पंजे आपोआप बाहेर वळायचे. मी काठावरून ओरडायचो, तिला पाण्यात काय ऐकू येणार. शाळेच्या जिल्हा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ती तिसरी आली आणि शेवटच्या काही मीटरमधल्या त्या किकमुळे डिस्क्वालिफाय झाली, नियमात ती किक चालतच नाही. घरी आल्यावर आजीने विचारलं, "दमनी का व माय?" आणि पोरगी रडायलाच लागली. ती संध्याकाळ मी अजून विसरलो नाही.

नंतर वाचल्यावर कळलं की यात पोरीचा दोष नव्हता. बटरफ्लाय निघालाच मुळी ब्रेस्टस्ट्रोकमधून, सुरुवातीला पोहणारे हात पाण्यावरून फेकायचे आणि किक बेडकाचीच मारायचे, १९५२ पर्यंत दोन्ही एकाच प्रकारात धरले जायचे आणि ऑलिंपिकमध्ये वेगळी शर्यत आली ती १९५६ ला मेलबर्नमध्ये. एवढे जवळचे स्ट्रोक लागोपाठच्या दोन महिन्यांत घोटून घेतले तर शरीर गोंधळणारच, असं मला तरी वाटतं.

मग दुसऱ्या सरांकडे गेलो. तिथे रोज चारही, आणि क्रम मेडलीचाच, म्हणजे एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक पोहतात तिचा, आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, शेवटी फ्रीस्टाईल. बटरफ्लाय पहिला असल्यामुळे पोर ताजी असतानाच डॉल्फिन किक, म्हणजे बटरफ्लायची ती जोडपायांची किक, होते, आणि तिच्यात आणि ब्रेस्टस्ट्रोकच्या किकमध्ये बॅकस्ट्रोक येतो. लॅप कमी, २५-२५ मीटरचे तुकडे. एका हाताने बटरफ्लाय, ब्रेस्टस्ट्रोकला दोन किकमागे एकदा हात, आणि बॅकस्ट्रोकला भिंतीच्या ५ मीटर आधीच्या झेंड्यांपासून किती हात लागतात ते मोजायचं. किक बिघडली की सर तिथेच थांबवतात, बिघडलेली किक पूर्ण लॅपभर मारूच देत नाहीत.

यातही त्रास आहे बरं का. पहिला दीड महिना काहीच सुधारत नाहीये असं वाटतं, फ्रीस्टाईलचं टायमिंग तर आमचं थोडं मागेच गेलं, आणि शेजारच्या लेनमधलं पोरगं सुसाट जाताना दिसलं की पालकाचा जीव वरखाली होतो. घड्याळ लावून तुलना मी केलेली नाही, पण दोन-अडीच महिन्यांनी दमल्यावरही तिचे पाय जुळलेले राहायला लागले, आणि मला तेवढंच हवं होतं.

अजून एक आपल्या भागाचं. आपल्याकडे खरा सीझन एप्रिल ते पावसाळ्यापर्यंत, थंडीत उघड्या पूलमध्ये पोरं उतरत नाहीत. महिन्याला एक स्ट्रोक धरला तर चौथा येईपर्यंत जुलै उजाडतो आणि तोपर्यंत शाळेच्या स्पर्धांची गडबड सुरू. शिवाय मे महिन्यातल्या कोमट पाण्यात लांब लांब लॅप मारून पोरं लवकर गळतात, तुकड्यांमध्ये तेवढं होत नाही.

तुमचं पोर सात-आठ वर्षांचं असेल, नुकतं तरंगायला लागलं असेल तर महिन्याची बॅच खुशाल घ्या. स्पर्धेत उतरवायचं असेल तर मी रोज चारहीकडेच झुकेन. आणि सर बदलणं शक्य नसेल तर त्यांना एवढी विनंती करून बघा की ब्रेस्टस्ट्रोकच्या महिन्यात रोज सुरुवातीला, पोर ताजं असताना, दोन लॅप नुसती डॉल्फिन किक घ्या, हातात धरायचा तरंगता बोर्ड न देता, हात पुढे ताणून. दहा मिनिटं पण लागत नाहीत.