आठशे रुपयांचे मसूर: धरमपेठेतल्या एका कार्यशाळेबद्दल

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शिकवणी वर्गात दोन रविवार कार्यशाळा होती. विषय असा, की शेती जगात कशी पसरली ते गणितानं समजून घ्यायचं. फी माणशी ८००. नात अकरावीला आहे, गणितवेडी. मी तिची सोबत म्हणून गेले. बत्तीस वर्षं कृषी सहायक म्हणून उमरेड-भिवापूरकडचे बांध तुडवले आहेत, तेव्हा शेती पसरते कशी हे मला कोण शिकवणार, असा थोडा तोरा होताच.

पहिल्या रविवारी पैसे वसूल झाले. सरांनी टेबलावर कॅरम बोर्डाएवढा पुठ्ठा मांडला, चौकटी आखलेला. एका कोपऱ्यातल्या घरात मसुराचे चार दाणे. एक फेरी म्हणजे एक पिढी, २५ वर्षं. दर फेरीला दाणे दुप्पट करायचे, पण एका घरात आठाच्या वर ठेवायचे नाहीत, आणि फासा पडेल तसे थोडे शेजारच्या घरात सरकवायचे. पहिल्या चार-पाच फेऱ्या नुसता गोंधळ. एक पोरगं तर दाणे चघळत बसलं होतं. मग मात्र मागची घरं गच्च भरली आणि पुढची कड दर फेरीला जवळपास सारखीच सरकू लागली. नातीनं शिंप्याचा टेप लावून मोजलं. कोणी दाण्यांना ‘चला पश्चिमेला’ म्हटलं नव्हतं. लेकरं वाढतात, जरा दूर घर करतात, एवढंच. त्यातूनच लाट उठते.

या लाटेचं सूत्र संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३७ मध्ये मांडलं, ते फायद्याचं जनुक लोकांत कसं पसरतं त्यासाठी. वाढीचा दर आणि पसरण यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अ‍ॅमरमन आणि जनुकशास्त्रज्ञ कवाली-स्फोर्झा यांनी ते शेतीला लावलं. युरोपातल्या जुन्या वस्त्यांच्या कार्बन तारखांवरून (अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं वय) त्यांना वेग मिळाला होता वर्षाला साधारण १ किलोमीटर. नातीनं वाढ वर्षाला ३ टक्के आणि पसरण वर्षाला १५ चौरस किलोमीटर धरून उत्तर काढलं: १.३४. जास्त आलं ना बाप्पा! सर गालात हसले. पोर जन्मल्या दिवशी वेगळी चूल मांडत नाही, मोठं व्हावं लागतं. हे पिढीभर थांबणं फोर्ट आणि मेंडेझ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हिशोबात धरलं. वाढीचा दर गुणिले पिढीची २५ वर्षं, त्याचं निम्मं, अधिक एक, म्हणजे १.३७५. १.३४ ला १.३७५ नं भागा, आलं ०.९७. नात घरी येईपर्यंत ऑटोत हेच सांगत होती.

दुसरा रविवार मात्र ढिला. प्रोजेक्टर चालू व्हायलाच चाळीस मिनिटं गेली. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे दगडांची पुरातन वर्तुळं, दाखवू म्हटलं होतं, तेही ऐनवेळी रद्द. तसं गेलो असतो तरी या विषयाला त्याचा उपयोग बेताचाच, कारण ती वर्तुळं लोहयुगातली आहेत, शेती पसरली त्याच्या बरीच नंतरची.

मग मीच हात वर केला. म्हटलं, सर, आमच्याकडे सोयाबीन आलं तेव्हा एकाही माणसानं बिऱ्हाड हलवलं नाही. बियाणं हललं. तेही शेजारच्या बांधावर नाही. लेक दिली होती त्या गावी, तीस किलोमीटरवर, पायलीभर गेलं. मधली गावं दोन-तीन वर्षं कोरडीच. तुमच्या पुठ्ठ्यावर हे कसं दाखवायचं?

सर क्षणभर थांबले आणि मग खरं शिकवणं सुरू झालं. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यानं शेती होड्यांतून अशाच उड्या मारत गेली, तिथला वेग सरासरीच्या कितीतरी पट. युरोपात जुन्या हाडांतल्या डीएनएवरून दिसतं की अनातोलियाकडची (आजचं तुर्कस्तान) माणसंच मुख्यतः सरकली. आपल्याकडे निराळंच. पश्चिम आशियापासून सिंधूखोऱ्यापर्यंतच्या तारखा लावल्या तर वेग येतो वर्षाला सुमारे ०.६५ किलोमीटर, म्हणजे लाटेसारखाच. पण हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या शहरातल्या एका स्त्रीचा डीएनए २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या पूर्वजांचं इराणकडच्या लोकांशी नातं निघालं खरं, पण ती फाटाफूट तिकडे शेती सुरू होण्याच्याही आधीची. मग चाललं कोण, माणूस की बी? नुसत्या वेगावरून ते सांगता येत नाही.

एवढी महत्त्वाची गोष्ट, आणि तिला मिळाली शेवटची वीस मिनिटं! मी विचारलं नसतं तर तीही नाही. यासाठी माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे म्हणे. जिना अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला, गुडघेदुखीवाल्यांनी जपून. चहा देत नाहीत. खाली तर्री-पोह्याची गाडी असते, पण अकराला उचलतात, म्हणून खाऊनच वर चढा.