‘श्वास’चं रडू आणि ‘सैराट’चं रडू

दोन्ही सिनेमे रडवतात, पण रडणं एकच नाही.

‘श्वास’ (2004) मध्ये काय होणार ते आधीच कळलेलं असतं. छोट्या परशाच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. म्हणून ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर नेतात, पोराने डोळे भरून जग पाहावं एवढ्याचसाठी. आजोबा झालेल्या अरुण नलावडेंचा तो चेहरा! नातू हसतोय आणि आजोबा त्याचं हसू साठवून घेतायत. इथे गळा हळूहळू दाटत जातो, आणि शेजारी बसलेल्याचा हात धरावासा वाटतो.

‘सैराट’ (2016) सावध व्हायला वेळच देत नाही. पळून जाऊन लग्न केलेल्या आर्चीच्या दारात रांगोळी, माहेरची माणसं आलेली, चहा ठेवलेला. मग आवाजच बंद. माहेरच्यांनी मारून टाकलेले आई-बाप, त्यांचं लहानगं बाळ आणि फरशीवर उमटलेली त्याची रक्ताची पावलं. तिथे मला रडूही आलं नाही, घरी आल्यावर आलं, आणि त्यात संताप जास्त होता.

आईसोबत बघायचा असेल तर मी ‘श्वास’च लावेन. ‘सैराट’चा शेवट मात्र मला पुन्हा बघवत नाही.