तुळयांना खालून एलव्हीएल (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली) पट्टी लावून घेतली, साताऱ्यातला अनुभव (४.५/५)

शाहूपुरीत आमचं घर, हॉलवर लाकडी माळा आणि त्याच्या खाली तीन ग्लुलॅमच्या तुळया, म्हणजे पाइनच्या फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या, ४ इंच रुंद ८ इंच उंच, गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, १६ फुटांचं. दोन पावसाळे गेले आणि वर कोणी चाललं की खालच्या कपाटातले काचेचे पेले वाजायला लागले, दोरी ताणून बघितली तर मधली तुळई २२ मिलिमीटर खाली आलेली. ज्यांनी करून दिल्या ते म्हणाले लाकूड आहे, थोडं बसणारच, आणि त्यानंतर फोन उचलणंच बंद. फार मनस्ताप झाला, कारण माळ्यावर बाबांची सगळी पुस्तकं.

लोखंडी चॅनेल मारा असं दोघातिघांनी सुचवलं, त्यानंही काम होतं, पण लाकूड पावसाळ्यात फुगतं उन्हाळ्यात आकसतं आणि लोखंड तसं करत नाही, मग बोल्टांची भोकं सैल होत जातात. मला लाकडाला लाकडाचीच जोड हवी होती. एकानं १९ एमएम प्लाय चिकटवतो म्हणून सांगितलं. प्लायचे थर आडवे-उभे आलटून पालटून असतात, आडवे थर लांबीच्या ताणाला जवळपास कामाचेच नाहीत, आणि शीट ८ फुटी, म्हणजे १६ फुटांत जोड येणार तो बरोबर मधोमध, जिथं ताण सगळ्यात जास्त. नको म्हणलं.

मग एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे मिस्त्री आले. त्यांनी आधी टेप काढलाच नाही, स्टुलावर चढून मधल्या तुळईच्या खालून टॉर्च मारला आणि बोट ठेवलं. सगळ्यात खालच्या थरात, मधोमध, रुपयाएवढी गाठ, आणि तिच्यापासून वीतभरावर फळीचा दातेरी जोड, म्हणजे दोन फळ्यांची टोकं दातांसारखी एकमेकांत बसवून चिकटवलेली. तुळई वाकते तेव्हा वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, म्हणून खालच्या थराला निवडक फळी घालायची असते. "ताई, हितं कुणी गाठीची फळी घालतं का," एवढंच म्हणाले. इतके दिवस मी त्याच तुळईखाली बसून चहा पित होते, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी सुचवली ५१ एमएम जाडीची एलव्हीएल पट्टी, अखंड. साधारण ३ एमएमच्या पातळ थरांची असते, सगळ्या थरांची रेषा एकाच दिशेनं, त्यामुळे गाठ असलीच तरी एका थरापुरती. दाराच्या चौकटीसाठी मिळतो तो माल यात चालत नाही, स्ट्रक्चरल ग्रेडच, म्हणजे वजन पेलायला केलेला, मागायचा. हिशोब त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनंच मांडला, ताठपणा उंचीच्या घनात वाढतो, ८ चा घन ५१२, १० चा घन १०००, म्हणजे दोन इंचात जवळजवळ दुप्पट. आईला धास्ती होती की गोंदावर घर उभं करताय, तिला त्यांच्याकडच्या पोरानं नीट बसून सांगितलं की जर्मनीत ओटो हेट्झर यांनी चिकटवलेल्या तुळयांचं पेटंट १९०६ मध्ये घेतलंय.

आता खरं काम. बोजा तसाच ठेवून पट्टी चिकटवली तर ती फक्त पुढच्या वजनाला कामाला येते, आधीचं सगळं जुनी तुळईच सोसत राहते. म्हणून आधी पुस्तकं खाली आणायला लावली. तुळईलाच टेकू दिला तर पट्टी लावायची कुठं, म्हणून तिच्या दोन्ही अंगांना आडव्या बल्ल्या घालून स्क्रू जॅकवर वरचे वासे उचलले, सकाळी पाव फेरा, संध्याकाळी पाव फेरा, असं दोन दिवस. बोजा उतरला तशी तुळई आपोआप वर आली, २२ वरून १० वर. उरलेले १० कायमचे, वर्षानुवर्षं वजनाखाली राहिलं की लाकूड तेवढं वाकूनच राहतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग खालची बाजू रंधून त्याच दिवशी रेसॉर्सिनॉलचा दोन भागांचा गोंद (साधा पांढरा गोंद कायमच्या वजनाखाली हळूहळू सरकतो, तो इथं नाही चालत), वीत-वीतभर अंतरावर शिकंजे, आणि पट्टीची टोकं सोलून निघू नयेत म्हणून तिथं लांब स्क्रू तिरके मारले. चिकटवण्याआधी दोन्हींची ओल मीटरनं बघितली, तुळई ११ टक्के, पट्टी १०. जॅक आठवडाभर तसेच ठेवले.

अर्धा स्टार कापला कारण चार दिवस उशिरा आले, आणि गोंदाचे तपकिरी डाग शहाबादी फरशीवर पडले ते अजून निघाले नाहीत. गोंदाची काळपट रेघ तुळईवर दिसते, मला चालते, कुणाला खटकेल. डोक्यावरची उंची दोन इंच गेली. तिन्ही तुळयांचे माल-मजुरीसकट ३८,००० झाले.

जॅक काढून पुस्तकं परत वर गेली तेव्हा मधली तुळई १६ वर थांबली. पावसाळा उलटल्यावर परत दोरी लावली, १६ च. पेले वाजत नाहीत.