मुंबईतल्या बेस्टच्या बसचा रिव्ह्यू: एसी दिलात, आता फ्रिक्वेन्सी द्या

कुर्ला स्टेशन पश्चिम ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ३१० नंबर, हा माझा ऑफिसचा रूट, त्यामुळे हा रिव्ह्यू मुख्यतः त्याच पट्ट्यातला समजा, अधूनमधून सीएसएमटीला काम निघालं की तिकडच्या डबलडेकरमध्येही बसणं होतं. पाचपैकी साडेतीन स्टार. उरलेले दीड का कापले ते सविस्तर लिहितोय कारण ही सेवा टिकावी आणि वाढावी असं मला मनापासून वाटतं.

आधी चांगलं ते. इलेक्ट्रिक एसी बस खरंच मस्त आहेत, धूर नाही, खडखडाट नाही, भर मे महिन्यात घामाने भिजलेला माणूस आत चढला की दोन मिनिटात माणसात येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली एसी डबलडेकर तर एकदा बसून बघाच, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर फोर्ट बघायला दुसरं काही नको. चलो ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं, म्हणजे ऑफिसमध्ये बसूनच अंदाज घ्यायचा आणि जवळ आली की खाली उतरायचं. आणि कंडक्टर लोकांना माझ्याकडून वेगळे मार्क, गर्दीत तिकीट फाडता फाडता "ताई, ही कलिन्याला नाही जात, पुढच्या स्टॉपला उतरा, समोरून पकडा" असं न वैतागता सांगणारे बघितलेत, ही माणुसकी ॲपमध्ये येत नाही.

आता भाडं. जुलै २०१९ ला मिनिमम तिकीट ८ वरून ५ रुपये केलं होतं तेव्हा लोक बसकडे परत वळले होते, सगळ्यांनी बघितलंय. मे २०२५ मध्ये तेच साधी बस १० आणि एसी १२ झालं, पहिल्या ५ किलोमीटरला. लांब जाणाऱ्याला हे आजही स्वस्तच आहे, पण जवळच्या माणसाचा हिशोब बघा. नवरा बायको आणि एक मोठा मुलगा स्टेशनपासून दीड किलोमीटर घरी जातायत, एसी बसचे झाले ३६ आणि फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं मिनिमम २६, मग कोण थांबेल बससाठी? पहिल्या दोन किलोमीटरचा वेगळा, स्वस्त टप्पा असायलाच हवा, कारण स्टेशन ते घर हीच तर बसची हक्काची गिऱ्हाइकं.

पण माझं ठाम मत असं की लोक पैशापेक्षा वाट बघण्याला जास्त कंटाळतात. दर पाच मिनिटांनी बस येणार हे माहीत असेल तर कोणी टाइमटेबल बघत नाही, सरळ स्टॉपवर जाऊन उभा राहतो, तेच वीस मिनिटांवर गेलं की हात आपोआप रिक्षाला जातो. एकेकाळी चार हजारांवर बस होत्या, आता तीन हजारांच्या आत आल्यात. स्वतःच्या जुन्या गाड्या मोडीत गेल्या, तेवढ्या नव्या घेतल्या नाहीत, भाडेतत्त्वावर आणलेल्या बसचे काही कंत्राटदार मधेच सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर त्या बसही गेल्या. त्यामुळे नवी बस आली की ती कुठल्या रूटवर वाढली हे विचारा, जुनीच्या जागी आली असेल तर स्टॉपवरच्या माणसाला काय फरक पडला.

दोन बस एकामागोमाग येतात आणि मग बराच वेळ काहीच नाही, याचंही कारण साधं आहे. पुढची ट्रॅफिकमध्ये लेट झाली की प्रत्येक स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं साठतात, चढायला वेळ लागतो, ती अजून लेट, मागची रिकामी धावत तिला गाठते. आता जीपीएस आहे, तर वाटेतल्या चौकीवरच्या स्टार्टरने, म्हणजे बस सोडणाऱ्या माणसाने, मागच्या गाडीला तीन-चार मिनिटं रोखलं तरी अंतर सावरतं.

आणि रस्ता, हा मुद्दा बेस्टच्या हातातही नाही. कुर्ल्याच्या बाहेर एखादा स्टॉप नीट बघा. स्टॉपच्या शेडसमोर तीन रिक्षा आणि एक टेम्पो लावलेला, त्यामुळे बस दुसऱ्या लेनमध्ये उभी राहते, एक आजी हातात भाजीची पिशवी घेऊन फूटपाथ उतरतात, दोन रिक्षांच्या फटीतून बाहेर येतात, मागून बाईकवाला हॉर्न मारतोय, तिथून पायरी एवढी उंच पडते की कोणीतरी वरून हात द्यावा लागतो. बस लो फ्लोअर असून उपयोग काय झाला? फूटपाथला लागून थांबली असती तर आजी एकट्या चढल्या असत्या. स्टॉपच्या आधी आणि नंतर एकेका बसएवढी जागा मोकळी ठेवणं, एवढंच ट्रॅफिक पोलीस आणि महापालिकेने कडक केलं तरी प्रत्येक फेरीची मिनिटं वाचतील आणि त्याच बसमध्ये जास्त फेऱ्या होतील. बीकेसीसारख्या रुंद रस्त्यांवर पीक अवरला वेगळी बस लेन हवीच, चाळीस जणांची बस आणि एकट्याची कार एकाच रांगेत का अडकावी?

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झालीय, म्हणजे बीकेसी स्टेशनवरून ऑफिसपर्यंत नेणाऱ्या छोट्या बसला आत्ताच मागणी आहे. गेटच्या अगदी बाहेर स्टॉप, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ सलग फेऱ्या, एवढं केलं तर लोक येतील. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली होती, या सेवेच्या शंभरीला केक आणि रोषणाईपेक्षा पाचशे जास्तीच्या बस रस्त्यावर दिसल्या तर पुढच्या रिव्ह्यूला पाच स्टार द्यायला मी तयार आहे.